पहिल्या वर्षाचं पोट

विद्यापीठवाल्यांनो, पहिल्या वर्षी विद्यार्थ्याला पोट नसतं, हे तुम्हाला कोणी सांगितलं? बँकेत फी भरायच्या रांगेत माझ्यापुढे एक शिंपी आणि त्याची लेक उभी होती.

“बाबा, पीएच.डी.ची शिष्यवृत्ती दुसऱ्या वर्षापासून मिळते.”

“मग एकदम दुसऱ्याच वर्षाला बस.”

“चेष्टा पुरे. मशीन विकू नका.”

“विकली. संध्याकाळी न्यायला येतायत.”

“आणि तुम्ही काय करणार?”

“हातशिलाई. तशीही माझी मशीनची शिलाई बघून गिऱ्हाईक विचारतं, हातानं मारली का?”

“बाबा...”

“मी अर्धे पैसे आधी मागितले की लुटारू. हे विद्यापीठवाले सगळेच पैसे आधी घेतात, तरी त्यांना सर म्हणायचं. दुसऱ्या वर्षी नक्की देतात ना?”

“पत्रात ‘नंतर कळवू’ असं लिहिलंय.”

“संध्याकाळच्या आत कळवा म्हणावं. लाव फोन.”