लाल हँडपंप

माझी प्रत्येक गोष्ट तुम्हाला फेकलेली वाटते, पण हिच्यात मी चिमूटभरही मसाला घातलेला नाही. भैरवगढच्या पुढे एका वस्तीत हँडपंपाच्या पाण्यात क्रोमियम निघालं, सरकारी मानकाच्या कितीतरी वर. आता अशा पंपाला लाल रंग द्यायचा, म्हणजे लोक पाणी पिणार नाहीत, असा आमच्या पाणीपुरवठा खात्याचा कायदा. ब्रश मीच मारला. धोक्याची पाटी मागाहून यायची होती.

आठवड्याने पाटी घेऊन पोचलो, तर पंपाला झेंडूचा हार, पुढे नारळ, अगरबत्ती आणि ही लांब लाइन! आपल्या उज्जैनमध्ये एखादी वस्तू एकाएकी लाल झाली, तर लोक दुसरं काय समजणार? लाइनीत सर्वांत पुढे आमची शकूमावशी, हातात नुकताच भरलेला लोटा. काकांच्या किडन्या गेलेल्या, डॉक्टरांनी हात टेकलेले.

“मावशी, हे काय चाललंय?”

“अरे, भैरवबाबा प्रकट झालेत. यांना रोज तीर्थ पाजते. बघ तू, फरक पडेल.”

“अगं, हा रंग बाबांचा नाही, आमच्या खात्याचा आहे! लाल म्हणजे जहर. एक घोटसुद्धा पाजू नकोस.”

तिने घाबरून लोटा तिथेच उपडा केला. मग म्हणाली, “पण आधी तर हिरवा होता ना रे पंप? तेव्हा पाणी चांगलं होतं?”

“तेव्हा आम्ही तपासलंच नव्हतं, मावशी.”



“हे आजारी पडले, ते हिरव्याचंच पिऊन.”