शेजाऱ्यांचा रेडिओ

कानाच्या दवाखान्यात शिंपीकाका नंबर लागायची वाट बघत बसले होते. एक कान ठणकत होता, पण दुसऱ्याला मागच्या बाकावरचं लख्ख ऐकू येत होतं. तिथल्या आजोबांना नुकतंच मशीन बसवलं होतं आणि आजी वेळ जावा म्हणून गुणगुणत होत्या.

“अगं, शेजाऱ्यांचा रेडिओ इथे कसा वाजतोय?”

“कसला रेडिओ?”

“रोज सकाळी भिंतीपलीकडून बारीक ऐकू येतो, तो. गाणंसुद्धा हेच!”

“अहो, मी गुणगुणतेय.”

“आणि घरी?”

“घरीही मीच. ओट्याशी उभी राहून. लग्न झाल्यापासून!”

“अरे देवा! मी त्या शेजारच्या भाऊंचे आभार मानत आलोय. जिन्यात भेटले की म्हणतो, तुमच्या रेडिओमुळे आमची सकाळ गोड होते.”

“त्यांच्याकडे रेडिओच नाही!”

“तरी म्हणायचे, ‘तुम्हाला आवडतंय ना, मग झालं.’”

“घ्या! गळा माझा आणि शाबासकी त्यांना. मला म्हणालात कधी, छान गातेस म्हणून?”

“आत्ता म्हणतो. फार छान गातेस.”

“राहू दे. उद्यापासून सूर म्हणून काढणार नाही.”

“असं नको गं करू. मग हे मशीन काय भाऊंना ऐकायला घेतलं?”

तेवढ्यात मशीनवाल्या ताई आल्या.

“आजोबा, आवाज कितीवर ठेवू?”

“ही गाते तेव्हा पूर्ण.”

“आणि आजी बोलतात तेव्हा?”

शिंपीकाकांनी चांगला कान मागे वळवला.

“ते मी, ही पुन्हा गायला लागली की हळूच सांगतो.”