धनेशाच्या ढोलीचा पत्ता

जबाब, दिनांक १५/०५/२०२५

नाव : गुरुप्रसाद दत्ताराम शेट्ये, वय ४७ वर्षे, धंदा : चष्म्याचे दुकान, रा. देवरुख, ता. संगमेश्वर, जि. रत्नागिरी.

मी वरील नावाचा इसम आज पोलीस ठाण्यात कोणी न बोलावता आलो असून सांगतो की, मी पत्नी व दोन मुलींसह वरील पत्त्यावर राहतो. मला सुमारे पंधरा वर्षांपासून पक्षी पाहण्याचा व फोटो काढण्याचा नाद आहे.

मौजे आंबेकोंड येथील शेतकरी रावजी धोंडू गोताड, वय ७१, यांना मी ओळखतो. त्यांच्या परड्यामागे रायवळ आंब्याचे जुने झाड आहे. त्या झाडाच्या ढोलीत दरवर्षी महाधनेशाची जोडी घरटे करते. गावात त्याला गरुड म्हणतात. मादी फेब्रुवारीत ढोलीत शिरते व आतून तोंड लिंपून घेते, फक्त बोटभर फट ठेवते. तिला व पिल्लाला नर बाहेरून फळे आणून भरवतो. नर बुजला व आला नाही तर आतली दोघे उपाशी राहतात. रावजींनी या झाडासाठी लाकूडवाल्याला दोन वेळा परत पाठवले आहे.

तीन वर्षांपूर्वी रावजी चष्म्यासाठी दुकानात आले असता भिंतीवरचे माझे फोटो पाहून त्यांनी मला ते झाड दाखवण्यास नेले. "बघ, फोटू काढ, पन बोलायचा न्हाय कुनाला," असे म्हणाले. मी कबूल केले. तीन वर्षे मी ते पाळले.

आमचा पक्षी पाहणाऱ्यांचा व्हॉट्सअॅप ग्रुप असून त्यात दोनशेच्या वर सभासद आहेत. मे महिन्याच्या सुरुवातीला चिराग पेडणेकर, रा. रत्नागिरी, याने दाभोळ बाजूला काढलेला तिबोटी खंड्याचा फोटो टाकला. सर्वांनी वाहवा केली. कोणीतरी लिहिले की, देवरुखवाल्यांनी दुकाने बंद केली वाटते. दिनांक ०८/०५/२०२५ रोजी दुपारी मी नर धनेश मादीला उंबर भरवतानाचा फोटो ग्रुपवर टाकला. गावाचे नाव लिहिले नाही. थोड्या वेळाने चिरागचा मला एकट्याला मेसेज आला, "दादा, असा फोटो मला जन्मात जमला नाही. जागा फक्त मला सांगा, कुठे बोलणार नाही." मी दुपारी ०२.१५ वा. त्याला लोकेशन पाठवले. तशी काही गरज नव्हती. त्याने माझ्या फोटोला चांगले म्हटले होते, एवढेच.

दिनांक ११/०५/२०२५, रविवारी सकाळी ०८.०० वा. चे सुमारास रावजींची सून सौ. सलोनी हिने मला फोन केला. तिचा नवरा जानू मुंबईस कामाला असतो. ती म्हणाली, "दादा, चार गाड्या आल्यात. गरुडाच्या झाडाखाली मानसंच मानसं. मामंजी चिडलेत, तुमी या." मी ०८.४० वा. पोचलो. दहा-अकरा इसम कॅमेरे लावून बसले होते. चिराग ढोलीसमोर ड्रोन उडवत होता. नर समोरच्या वडावर चोचीत फळ धरून बसला होता व झाडाकडे येत नव्हता.

रावजी काजूच्या बागेतून आले. त्यांच्याकडे कोयता होता, तो त्यांनी बांधावर ठेवला, हे मी डोळ्यांनी पाहिले. ते हात जोडून म्हणाले, "लांब व्हा. आत बायको आन् पोर हाय त्येचा." कोणी उठले नाही. मग त्यांनी मला पाहिले व विचारले, "गुरू, तू सांगितलंस काय रं?"

मी म्हणालो, "नाय काका, मी नाय."

चिरागने माझ्याकडे पाहिले. मग तो पुन्हा ड्रोनकडे पाहू लागला. रावजी सुनेकडे वळून म्हणाले, "मग तूच. तुज्या त्या मोबाइलनं घात केलान." सलोनी गावातले व्हिडिओ काढते व इंटरनेटवर टाकते. ती म्हणाली, "देवाशप्पत, मी नाय." मी तिच्यापासून चार पावलांवर होतो. मी गप्प राहिलो.

रावजी रागाने ड्रोनकडे टॉवेल फिरवू लागले तेव्हा चिरागने त्यांना दोन्ही हातांनी ढकलले. ते जांभ्या दगडाच्या कुंपणावर, गडग्यावर पडले व उठू शकले नाहीत. कोयता तेव्हाही बांधावर होता. रावजी कोयता घेऊन अंगावर आले, अशी तक्रार चिरागने ठाण्यात दिल्याचे मला समजले, ती खोटी आहे.

मी माझ्या गाडीतून त्यांना रत्नागिरीस दवाखान्यात नेले. सलोनी मागे त्यांचे डोके मांडीवर घेऊन बसली होती. रावजींनी तिच्या हातचे पाणी घेतले नाही. खुब्याचे हाड मोडल्याचे डॉक्टरांनी सांगितले.

दिनांक १२ रोजी मी खरे सांगण्यासाठी दवाखान्यात गेलो. मी बोलण्याआधीच रावजी म्हणाले, "तू जाऊन बघ, नर येतो काय. तुज्याशिवाय कुनावर भरवसा न्हाय." दिनांक १३ रोजी दुकान बंद ठेवून मी झाडापासून लांब दिवसभर बसलो. नर १०.५० वा. आला व नंतर संध्याकाळपर्यंत सहा वेळा आला. दिनांक १४ रोजी सकाळी मी रावजींना तसे सांगितले. त्यांनी माझा हात धरला व बराच वेळ सोडला नाही.

बाहेर व्हरांड्यात सलोनी होती. जानूने फोनवरून तिला माहेरी जाण्यास सांगितल्याचे तिने मला सांगितले. ती म्हणाली, "दादा, तुमचं ऐकतात ते. तुमी सांगा ना, मी न्हाय टाकलं म्हनून." मी सांगतो म्हणालो व गाडीत जाऊन बसलो. परत आत गेलो नाही.

चिरागला पाठवलेल्या मेसेजसह माझा मोबाइल मी हजर करत आहे.

रावजी गोताड यांना वाचता येत नाही. आपण त्यांचा जबाब घेण्यास दवाखान्यात जाल तेव्हा माझा हा जबाब त्यांना वाचून दाखवावा, व त्या वेळी सौ. सलोनी यांना खोलीतच थांबण्यास सांगावे, अशी माझी विनंती आहे. मी दोनदा जाऊन आलो. मला सांगता आले नाही.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. तो मी बोललो तसाच लिहिला आहे. त्यातले काही कमी करायचे आहे का, असे मला विचारण्यात आले. नाही.

सही / गुरुप्रसाद द. शेट्ये