नव्या कार्डाला लावलेलं कुंकू

हां, टाळ ठेवा जरा खाली. पेटीवाले, श्वास घ्या. मंडळी, ऐका! एक सोपा प्रश्न विचारतो, उत्तर मनातल्या मनात द्यायचं. माणसानं देवाच्या प्रेमापोटी काही केलं आणि त्यामुळंच काम बिघडलं — तर ती चूक धरायची की नाही?

पुढच्या ताई मान हलवतायत — नाही! मागे खांबाला टेकलेले काका म्हणतायत — धरायची! बरं झालं, दोन पक्ष पडले. सगळे एका बाजूला गेले असते तर मी काय सांगणार होतो? प्रसाद वाटून मोकळे झालो असतो!

तर ऐका. सोलापुरात अंबादास येमूल नावाचे गृहस्थ. वय त्र्याहत्तर. सगळा जन्म चादरीच्या मागावर गेलेला. कान जरा कमी, पण मागाचा आवाज बदलला की झोपेतून उठणार! त्यांच्या घरची एक रीत होती. नवा माग आला, की हळद-कुंकू झाल्याशिवाय आडवा धागा नेणारा धोटा हलायचा नाही. आणि कुंकू लावायचं कुठे? फणीला! मागाची फणी म्हणजे बारीक दातांची पट्टी, एकेका दातातून एकेक धागा जातो. तेलात कालवलेलं कुंकू घ्यायचं, बोट टेकवायचं आणि हात जोडायचे. पन्नास वर्षं हे केलं आणि पन्नास वर्षं माग चालले. माणसाचा विश्वास बसणार नाही तर काय होणार?

आता घरात माग राहिले दोन, आणि आला कॉम्प्युटर. तो सांभाळायची सून — रजनी. अकरा वर्षं ही पोरगी दुसऱ्यांनी सांगितलेली फुलं चादरींवर काढत होती. लाल फूल काढ, काढलं. मोठं कर, केलं. आणि यंदा पहिल्यांदा तिला स्वतःच्या मनाचं काम मिळालं! गावात नवं नाट्यगृह होतंय, त्याचा दर्शनी पडदा. तिनं काय काढावं? ज्वारीचं शेत! अख्ख्या रंगमंचाएवढं शेत, आणि वर चांदण्या. अहो, सोलापूरच्या माणसाला याहून गोड काय दिसणार?

पण अडचण अशी, की पडदा तीन पट्ट्यांत विणायचा आणि कॉम्प्युटरची स्क्रीन एक. डावीकडचं बघावं तर उजवीकडचं दिसेना. जोडावर ज्वारीचं ताट एकीकडे, कणीस भलतीकडे! म्हणून रजनीनं आणखी दोन स्क्रीन आणल्या आणि एक ग्राफिक्स कार्ड मागवलं. मला विचाराल, ग्राफिक्स कार्ड म्हणजे काय? मी मोबाईलचा आवाज वाढवायला पुतणीला हाक मारणारा माणूस! पण विचारून आलोय. कॉम्प्युटरच्या पोटात बसवायची ती एक पाटी. तिच्यामुळे एकाच कॉम्प्युटरला तीन-तीन स्क्रीन जोडता येतात. खालच्या कडेला सोनेरी दातांची रांग असते, ती आत खाचेत बसली की काम सुरू.

सोनेरी दातांची रांग! आलं लक्षात?

सकाळी खोका उघडला. रजनी म्हणाली, “मामा, याला हात लावू नका हं,” आणि चहा ठेवायला आत गेली. अंबादासमामांनी कार्ड बघितलं. ते दात बघितले. “अरेच्चा, ही तर याची फणी!” गेले देवघरात, बोटावर कुंकू घेतलं, तेलातलं, आणि ओढलं त्या दातांवरून! हात जोडले. विणकरांच्या देवाला म्हणाले, “मार्कंडेया, पोरीचं काम होऊ दे.”

मग आठवलं — हात लावू नका म्हणाली होती! झालं. घाईघाईनं धोतराच्या सोग्यानं पुसलं. लाल रंग गेला, दात चकाकले. मामा खाटेवर जाऊन बसले, जणू सकाळपासून तिथंच बसलेत!

रजनीनं कार्ड बसवलं, बटण दाबलं. पंखा फिरला. आणि स्क्रीन? काळ्या! तिन्ही काळ्या! आतली वायर बघितली, कार्ड काढून पुन्हा बसवलं — काही नाही. चार वाजता नाट्यगृह समितीच्या खमितकर बाई पडद्याचं चित्र बघायला येणार, आणि घड्याळात वाजले दोन!

धावत आले शकीलभाई, कॉम्प्युटर दुरुस्त करणारे. हाताला गुण असलेला माणूस. त्यांनी एक वायर काढून कॉम्प्युटरच्या जुन्याच भोकात घातली. ती स्क्रीन लागली! म्हणजे कॉम्प्युटर ठीक. नवीन कार्डाची चारही भोकं मात्र मुकी. कार्ड बाहेर काढलं, दात बघितले — चकचकीत. आता सांगा, सीलबंद खोक्यातून आज निघालेली वस्तू कोण पुसत बसतं? कुणीच नाही.

शकीलभाई म्हणाले, “वहिनी, कॉम्प्युटर जुना, कार्ड नवं. घेईना हो ते. परत करून टाका.”

“असं कसं? मी सगळं विचारून घेतलंय,” रजनी म्हणाली. “खाच कुठली, वीज किती लागते, आत मावतं का — शिवणाच्या टेपनं मोजलंय मी!”

“कंपनीवाले सांगतात तसं समदं होतंय होय?”

आणि खाटेवर मामा काय करतायत? डोळे मिटून जप! “देवा, तूच बघ. देवा, तूच बघ.” देव वरून म्हणत असेल — अरे, मी काय बघू? तेल तू लावलंस!

मंडळी, हसू नका. मामांना कळलं होतं. पहिल्यांदा स्क्रीन काळी झाली तेव्हाच बोटावरचं तेल आठवलं होतं. पण तोंड उघडेना. एकीकडे सून, एकीकडे परका माणूस. उभ्या जन्मात घरात सगळ्यांच्या चुका यांनी काढल्या, आता स्वतःची कशी सांगायची? शिवाय मन वकिली करायला बसलेलंच असतं! म्हणतं — देवाचंच तर केलं. म्हणतं — एवढंसं तर तेल. म्हणतं — शकीलला कळत नाही, तुला काय कळतंय?

इकडे रजनीनं फोन उचलला. “नमस्कार बाई. नाही, येऊ नका आज. माझ्याकडून... नाही जमणार हे काम. तुम्ही दुसऱ्या कुणाला —”

“थांब!”

मामा खाटेवरून उठले. “बाईंना सांग, चारला या म्हणावं. रजनी, ते कार्ड चांगलंय. मी... त्याच्या दातांना कुंकू लावलं. तेलातलं. मग पुसलं. तुला सांगितलं नाही.”

रजनीनं बाईंना चारला या सांगून फोन ठेवला. शकीलभाईंनी कार्ड उचललं, उजेडात धरलं, नख फिरवलं. नखाला बारीक लाल किनार आली. “मामा, अहो, मी हे साता जन्मात शोधलं नसतं!”

रजनीनं लेकीच्या कंपासपेटीतला खोडरबर आणला. आधी स्पिरिटनं पुसलं, मग खोडरबरानं हलक्या हातानं घासलं, मग पुन्हा पुसलं. कार्ड बसवलं, बटण दाबलं. एक स्क्रीन लागली! दुसरी लागली! तिसरी?

काळी!

मामांनी पुन्हा देवघराकडे बघितलं. आणि शकीलभाईंनी कपाळावर हात मारला. “ही वायर मीच जुन्या भोकात घातलेली! तशीच राहिली. मामा, तुमची एक, माझी एक!” वायर बदलली — आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ज्वारी उभी राहिली हो! जोडावर ताटाला ताट, कणसाला कणीस. रजनी रडायला लागली, हसायलाही लागली. मामा म्हणाले, “रागाव की गं मला.” ती म्हणाली, “रागावणारच आहे. आधी बाईंना येऊ द्या. आणि मामा, माझंही चुकलं. हात लावू नका म्हणाले, का ते नाही सांगितलं.”

बाई आल्या. तिन्ही स्क्रीनपुढं या टोकापासून त्या टोकापर्यंत चालल्या. मग म्हणाल्या, “त्या कोपऱ्यातल्या बुजगावण्याचा हात थोडा वर घ्या. बाकी कशाला हात लावू नका.” काम रजनीकडंच राहिलं.

आता सांगा, चूक धरायची की नाही? धरायची! काका जिंकले! पण ती दुसऱ्यानं नव्हे हो काका, जिची तिनं, ज्याची त्यानं धरायची. प्रेमानं केली होती म्हणून ती सांगायला सोपी जाते, एवढाच काय तो प्रेमाचा फायदा.

आणि आता तुम्ही! तुमच्या घरात काही अडलेलं नाही? भाऊ बोलत नाही, सून गप्प असते, पोरगी घरी यायचं टाळते. सगळे म्हणतात, जमतच नाही त्यांचं, स्वभावच वेगळे. आणि खाटेवर कुणीतरी डोळे मिटून बसलंय, ज्याला खरं कारण ठाऊक आहे. कोण बसलंय, ते मी सांगायला हवं का? आरतीला थांबा म्हणून मी आज कुणालाच आग्रह करणार नाही. तुमची हजेरी मीच लावतो देवापाशी. ज्याला घरी जाऊन काही सांगायचं असेल, त्यानं आत्ता उठावं — चपला बाहेर आहेत.