गेटवाल्याचा पगार

माझं लग्न कसं झालं, हे तुम्हाला कधी सांगितलंच नाही ना? चहा घ्या, सांगते.

अप्पा, म्हणजे माझे वडील, टी. नरसीपूरजवळ कालव्याच्या गेटवर कामाला होते. चाक फिरवून पाणी सोडायचं आणि अडवायचं, हे त्यांचं काम. माझे सासरे मैसूरच्या मंडी मोहल्ल्यातले टेलर. मला बघायला आले तेव्हा त्यांनी अप्पांना सरळ विचारलं, "पगार किती?"

"महिना नव्वद. पण अजून कायम केलेलं नाही," अप्पा म्हणाले. मला वाटलं, संपलं सगळं. सासरे कानडीत एवढंच म्हणाले, "आगली बिडी," म्हणजे असू द्या.

लग्नाच्या सकाळी कालव्याला अचानक पाणी वाढलं. अप्पांनी मंडपात निरोप पाठवला, "मी गेट सोडून आलो तर खालची शेतं बुडतील. माझ्याशिवाय उरका." आई रडायला लागली. सासरे उठले आणि भटजींना म्हणाले, "मुहूर्ताला अजून तास आहे. चला कालव्यावर."

सगळं वऱ्हाड बैलगाड्यांतून मैलभर लांब गेटवर आलं. अप्पांनी तिथेच माझं कन्यादान केलं आणि लगेच चाकाकडे पळाले.

बऱ्याच वर्षांनी मी सासऱ्यांना म्हटलं, "मामा, त्या दिवशीचे तुमचे उपकार मी विसरले नाही."

मशीनवरून मान वर न करता ते म्हणाले, "उपकार कसले? एवढ्याशा पगारात जो माणूस लेकीच्या लग्नातही गेट सोडत नाही, त्याची लेक मी सोडेन का?"