धाकटीची चक्कर

...आणि वर सासूबाई म्हणतात, "धाकटीचं मन बाई लोण्यासारखं." मग माझं काय, सिमेंटचं?

तुम्हाला सांगते, झालं एवढंच. मामंजी निवृत्त झाल्यापासून दुपारी आम्ही दोघी जावा कपड्यांच्या घड्या घालतो नि ते आवाज काढकाढून कादंबरी वाचून दाखवतात. सध्याच्या कादंबरीत एक बडा माणूस आहे, आपल्यापेक्षा चांगली वस्तू कुणाकडे दिसली की तो त्या माणसाला मारूनच टाकतो. मामंजी म्हणतात, "उपहास आहे हा, सूनबाई, वस्तूंच्या हावेवरचा." असेल बाई. पण गेल्या आठवड्यात त्याने शेजाऱ्याच्या दिवाणखान्यात कुऱ्हाड उगारली, मामंजींनी "खच्चाक्" केलं, रक्त चहूकडे उडालं, आणि धाकटी जाऊ उशांच्या अभ्र्यांवर आडवी! पाणी आणा, पंखा लावा, भावजी ऑफिसातून धावत... तेव्हापासून तिला भांड्याला हात लावू देत नाहीत. मला काही झालं नाही.

का झालं नाही? त्या मेल्याने मुंडकं फ्रीजमध्ये ठेवलं ना, तो फ्रीज दोन दारांचा, दार न उघडता गार पाणी देणारा... आमच्या फ्रीजचं दार गुडघा लावल्याशिवाय मिटत नाही. माझ्या मनात आलं, मुंडकं ठेवूनही भाजीला जागा उरली असेल.

मी नेमाची बाई. देवापुढे हात जोडले, म्हटलं फार नको, एक लहानशी चक्कर दे. उपास धरला. त्या दुपारी मामंजींनी दोन माणसं कापली, आतडीबितडी सगळं साग्रसंगीत... मला काही झालं नाही. उपाशीपोटीसुद्धा नाही.

शेवटी हेवा गिळून काल वर धाकटीच्या खोलीत गेले. म्हटलं, "अगं, नेमकी कुठल्या वाक्याला येते ते तरी सांग."

तिने दार लोटून घेतलं. "ताई, कुणाला सांगू नका हं. रक्ताचं मला काही नाही हो. पण ते उडालं कशावर, ऐकलंत ना? पांढऱ्या सोफ्यावर. तस्साच सोफा मी ह्यांच्याकडे वर्षभर मागतेय... ते डाग निघतात का हो?"

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. म्हटलं, चला, आपल्यातलीच निघाली. जीव कसा हलका झाला. आणि खाली स्वयंपाकघरात आल्यावर डोक्यात आलं, मी आपली एका फ्रीजवर भागवत होते नि हिचं मन अख्ख्या सोफासेटवर. यातही हिचीच उडी महागाची.

आली हो मला चक्कर. खरीखुरी, भिंत धरून खाली बसायला लावणारी. पण बघायला होतं कोण? सगळे धाकटीला सरबत द्यायला वर गेलेले.