ओकादा-सानची नोकरी आणि माझा नमस्कार

यातल्या एका शब्दावर जरी विश्वास ठेवलास ना, तर तू वेडी. पण ऐक.

आपल्या खालच्या मजल्यावरचे ते ओकादा-सान आहेत ना, ते कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलचे कोच. लांब फेकलेला चेंडू समोरच्याला झेलू द्यायचा नाही, एवढंच मागं राखण करणाऱ्या पोरांना शिकवतात. आयुष्य गेलं त्यात. दोन कॉलेजांनी काढून टाकलं. तिसरं म्हणालं, या रविवारी हरलात तर तुम्हीपण घरी.

रविवारी नातीला घेऊन मीपण गेले, अगदी मैदानाच्या रेषेला चिकटून बसले. शेवटपर्यंत ओकादांची पोरं पुढं होती. तेवढ्यात समोरचा एक लांबडा पोरगा सुटला, आणि चेंडूही त्याच्याकडंच निघाला. त्यानं झेलला की यांची नोकरी गेली. पळत येत होता नेमका माझ्याच दिशेनं. मी उठले आणि कमरेत वाकून नमस्कार केला, इथं जपानात करतात तसा.

म्हातारी वाकल्यावर तो तरी काय करणार? चांगल्या घरचा पोरगा, पळता पळता वाकला. चेंडू गेला डोक्यावरनं.

संध्याकाळी ओकादा दारात उभे. तोंड हे एवढं कडक. नात मला मराठीत सांगत होती.

"आजी, ते म्हणतायत, हे फार चुकीचं झालं. खेळात असं चालत नाही."

"बरं, चुकले म्हणावं."

मग ते खाली बुटांकडं बघत काहीतरी पुटपुटले.

"आता काय म्हणतायत गं?"

"विचारतायत, पुढच्या रविवारी तू मोकळी आहेस का."

जा आता. आणि लिफ्टमध्ये भेटले तर हसू नकोस.